चाळीस सेकंदांची शांतता

एक

गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. स्थळ: ध्वनिनाट्य मंडळाच्या इमारतीचा तळमजला, श्रवणकक्ष क्रमांक दोन. ‘विलग’ या बारा भागांच्या विज्ञाननाटिकेचा अखेरचा भाग प्रसारणापूर्वी कलाकारांना ऐकवला जात होता. अकराव्या मिनिटाला एक स्त्री उठली आणि तिने ध्वनियंत्राची वायर भिंतीतून उपटून काढली.

ती नाटिकेतली डॉक्टर. दोनशे प्रवाशांच्या अंतराळयानात राखताप नावाची साथ पसरते, फुप्फुसे निकामी होत जातात आणि एकटी डॉक्टर शेवटपर्यंत झुंजते, असे कथानक होते. मंडळात सगळे तिला डॉक्टरबाईच म्हणत. अखेरच्या भागात यानाचा म्हातारा नावाडी मरतो. ती चार मिनिटे संवाद नाही, संगीत नाही, फक्त एका माणसाचा श्वास आहे.

“हा आवाज कुठून आणलात?” तिने विचारले.

“विकतच्या संग्रहातून,” दिग्दर्शक म्हणाला. नाटिका त्यानेच लिहिली होती आणि तिची स्तुती ऐकण्याच्या तयारीने तो पाय पसरून बसला होता. “का? आवडला नाही?”

“हा माझ्या नानांचा श्वास आहे.”

तिचे वडील सात महिन्यांपूर्वी वारले होते. तिने ज्या दुपारची रजा मागितली आणि तिला मिळाली नाही, त्याच दुपारी ते गेले. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती, म्हणून प्रत्येकाने खाली पाहिले.

“बाई, श्वास हा श्वास असतो,” दिग्दर्शक शांतपणे म्हणाला. “त्याला आडनाव नसतं.”

“दर तिसऱ्या श्वासानंतर ते बारीक ‘हं’ करायचे. कुणाचं तरी म्हणणं पटल्यासारखं. दोन वर्षं त्या आवाजाशेजारी झोपलेय मी. आडनाव मला विचारा.”

हे भांडण मंडळाच्या प्रमुखबाईंपर्यंत पोहोचायला पाच मिनिटे लागली, आणि त्यांनी अक्कांना बोलावून घ्यायला त्याहून कमी. अक्का ध्वनिसंग्रहाच्या पालक होत्या. एकतीस वर्षे त्यांनी दारे, पावले, खोकले आणि पाण्याचे थेंब यांची वर्गवारी केली होती. चुकीची नोंद दिसली की त्यांना इतरांना डास चावल्यावर येतो तसा राग येई.

“शनिवारी संध्याकाळी प्रसारण आहे,” प्रमुखबाई म्हणाल्या. “उद्या दुपारपर्यंत मला खरं काय ते सांगा. बाईंचा भ्रम असेल तर भाग प्रसारणात जाईल. नसेल तर जाणार नाही.”

“आणि भ्रम नसेल तर फक्त भाग थांबवून भागेल, असं वाटतं तुम्हाला?” अक्का म्हणाल्या.

दोन

मूळ फाइलवर दिनांक नव्हता. तो कुणीतरी पुसला होता. नोंद होती ‘बाहेरून खरेदी’, पण विकणाऱ्याचे नाव नव्हते. अक्कांनी डॉक्टरबाईंना शेजारी बसवले आणि नाटिकेत वापरलेला तुकडा नव्हे, तर पूर्ण फाइल लावली.

चार मिनिटांनी श्वास थांबला. फाइल थांबली नाही. काहीही न घडता ती पुढे चालत राहिली आणि मग बटणाचा एक बारीक टिक आवाज होऊन संपली. अक्कांनी तो मोकळा भाग तीनदा मोजला.

“चाळीस सेकंद,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

या आकड्याचा अर्थ मंडळाबाहेरच्या कुणाला कळला नसता. कोणत्याही दोन खोल्यांची शांतता सारखी नसते. संवाद कापून जोडले की मधल्या फटीत त्याच खोलीची शांतता भरावी लागते. म्हणून इथे प्रत्येक ध्वनिमुद्रणानंतर सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभे राहायचे आणि खोलीची नुसती शांतता मुद्रित करायची, असा दंडक होता. ही रीत इतरत्रही आहे, पण कुठे अर्धा मिनिट, कुठे पूर्ण मिनिट. चाळीस सेकंद फक्त इथे. मंडळाच्या पहिल्या ध्वनिमुद्रकाचा धीर चाळीसपर्यंतच टिकायचा, असे गमतीने सांगत.

“म्हणजे ते गेले,” डॉक्टरबाई हळूहळू म्हणाल्या, “आणि कुणीतरी तिथे उभं राहून...”

“मोजत होतं. आपल्यातलंच कुणीतरी.” अक्कांनी फाइल पुन्हा मागे नेली. “आता दुसरी गोष्ट सांग. नानांना ऑक्सिजनचं मशीन होतं ना? त्याचा आवाज कसा होता?”

“अखंड घरघर. मधेमधे फुस्स. आईला टीव्ही ऐकू यायचा नाही.”

“इथे ऐकू येतोय?”

डॉक्टरबाईंनी ऐकले. श्वास होता, उशीचा खसखसाट होता, लांब कुठेतरी एक दार लागले. घरघर नव्हती.

“नंतर काढून टाकला असेल. आपला ध्वनिसंयोजक मौनी असले आवाज काढतो की.”

“काढला की श्वासाला चरे पडतात. एकही चरा नाही. शिवाय त्या चाळीस सेकंदांतही घरघर नाही.”

“मग वीज गेली असेल.”

“वीज गेली की मशीन काय करायचं?”

“किंचाळायचं. शेजारचे धावत यायचे.” त्या थांबल्या. फाइलमध्ये कसलीही किंचाळी नव्हती.

“आणि बटण दाबून बंद केलं तर?”



“तर काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “तर ते गुपचूप बंद होतं.”

तीन

शुक्रवारी सकाळी दोघी बाईंच्या माहेरी गेल्या. नानांची खोली रिकामी होती. मशीनच्या चार चाकांचे डाग तेवढे फरशीवर राहिले होते.

“पाय पुसून या,” आई आतून म्हणाली. तिने अक्कांना खुर्ची दिली, मुलीला दिली नाही. “तू उभी राहा. रात्रभर झोपली नाहीस, बसलीस तर कलंडशील.”

“आई, नाना गेले त्या दुपारचं अक्कांना सांग.”

“काय सांगायचं? माझी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ होती. त्यांना सांभाळायला ठेवलेली मावशी होती त्यांच्यापाशी. सव्वाचारला तिचा फोन आला आणि पावणेपाचला मी घरात. डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धुरकट. त्यांचा हात धरला तेव्हा कळलं.”

“मशीन?” अक्कांनी विचारले.

“चालू होतं. नळी नाकात होती. सगळं जिथल्या तिथे. शेवटी मशीन मीच बंद केलं, तेव्हा हाताला माती लागली.”

“कुठे?”

“मशीनच्या झाकणावर. दिसलं नाही नीट, पण पुसताना बोटांना कळलं. अख्खा तळवा उमटला होता. उजव्या पायाचा.” आईचा आवाज वर गेला. “मी मावशीला म्हटलं, आजारी माणसाच्या मशीनवर चपला ठेवतेस? त्याच दिवशी काढली तिला.”

“ती काय म्हणाली?”

“घरात चप्पल घालतच नाही म्हणाली. रडली. मी नाही ऐकलं.”

अक्कांना राग आला की त्या बोटातली अंगठी फिरवत. ती आता थांबत नव्हती.

“आमच्यात एक पद्धत आहे,” त्या म्हणाल्या. “बाहेर कुणाच्या घरी ध्वनिमुद्रण असलं की फ्रीज, पंखा, जे जे घरघरतं ते बंद करावं लागतं. पुढे ते चालू करायचं राहून जातं. एकदा एका घरातलं महिन्याचं औषध असंच फ्रीजमध्ये नासलं. तेव्हापासून नियम केला. जो बंद करेल, त्याने आपला एक बूट त्या वस्तूवर ठेवायचा. एका बुटाने कुणी घरी जात नाही.”

“म्हणजे आठवण राहावी म्हणून,” आई म्हणाली.

“हो. आणि आठवण राहिली. जाताना त्याने बूट उचलला आणि मशीन चालू केलं. म्हणून तुम्हाला सगळं जिथल्या तिथे दिसलं.”

आई मुलीकडे वळली. तिच्या आवाजात आता चढ नव्हता.

“तुमचा माणूस आमच्या घरात आला होता,” ती म्हणाली. “आणि मी त्या गरीब बाईला चोरासारखी हाकलली.”

चार

मावशी आता एका रुग्णालयाच्या धुलाईखात्यात कामाला होती. मागच्या जिन्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सात महिन्यांनी आठवण आली का माझी? आता काय गहाळ झालं?”

“चप्पल तुमची नव्हती,” अक्का म्हणाल्या. “हे सांगायला आलोय. आणि एक विचारायला. त्या दुपारी तुम्ही खोलीत नव्हता.”

मावशीने डॉक्टरबाईंकडे पाहिले. मग पायरीवर बसली.

“मुलीचा फोन आला होता, बाळंतपणाला गेलेली. वर आवाज तुटायचा, म्हणून खाली जायला निघाले. एक साहेब आले होते भेटायला, ताईंच्या कामावरचे. सफरचंदं आणलेली. म्हणाले, तुम्ही खुशाल बोलून या, मी बसतो अर्धा तास. भला माणूस वाटला. परत आले तर साहेब नव्हते, आणि नाना...” तिने पदराने तोंड पुसले. “अंग अजून ऊन होतं. खरं सांगितलं असतं तर माझ्यावरच आलं असतं. नाही सांगितलं तरी आलंच.”

“चेहरा पाहिलात?”

“मास्क होता. तुमच्याकडे मास्क लावल्याशिवाय आत सोडतच नव्हते की. टोपी होती. हां, एका कानात वायर होती. मी मनात म्हटलं, आजाऱ्यापाशी बसून गाणी ऐकतोय की काय.”

“एकाच कानात?”

“एकाच. दुसरा मोकळा.”

परतीच्या वाटेवर डॉक्टरबाई एकदम थांबल्या.

“मौनीच आहे तो,” त्या म्हणाल्या. “मला त्याचा गळा धरायचाय.”

पाच

मौनी हा मंडळाचा ध्वनिसंयोजक. दिवसाला दहा शब्द बोलायचा, म्हणून हे नाव. चांगल्या आवाजासाठी तो गटारात उतरलेला लोकांनी पाहिला होता. बाईंचा तर्क साधा होता, आणि अक्कांना तो खोडता येत नव्हता. त्या दुपारी बाई काचेपलीकडच्या कक्षात एकट्या ध्वनिमुद्रण करीत होत्या. नियंत्रणकक्षात दोघेच असायचे, दिग्दर्शक आणि मौनी. काच आतून काळी दिसते. पण दिग्दर्शकाचा आवाज साडेतीनपासून पाचपर्यंत बाईंच्या हेडफोनमध्ये होता. मग गैरहजर कोण, हे उघड होते.

“त्या दुपारी कुठे होतास?” अक्कांनी मौनीला विचारले.

“कन्सोलवर.”

“आणि साहेब?”

“शेजारी.”

“पूर्ण वेळ?”

“हो.” त्याच्या कपाळावर घाम होता.

दिग्दर्शकाने मात्र दार लावून घेतले, पाणी मागवले आणि खेदाने मान हलवली.

“अक्का, लपवून काय उपयोग. मौनी त्या दिवशी बाहेर गेला होता. कन्सोल मीच सांभाळला. त्याला पाठीशी घातलं, ही माझी चूक. गुणी मुलगा आहे हो, पण आवाज म्हटलं की त्याला भान राहत नाही.”

“तुम्ही त्याला पाठीशी घालता आणि तो तुम्हाला. फार जिव्हाळा आहे.”

“तुमची जीभ, अक्का,” तो हसून म्हणाला, “संग्रहात ठेवण्यासारखी आहे.”

दोन साक्षी परस्परविरुद्ध असतील तर त्यांतली एक खोटी असते, हे कुणीही सांगेल. दोन्ही खोट्या असू शकतात, हे सांगायला थोडा राग लागतो. अक्का तडक संग्रहात गेल्या. मंडळात नटाचा आवाज एका पट्टीवर मुद्रित होई आणि दिग्दर्शकाच्या सूचना दुसरीवर, कुठला प्रयत्न पसंत केला हे नंतर कळावे म्हणून. सूचनांची पट्टी कधी कुणी ऐकत नसे. अक्कांनी ती लावली.

दीड तासाने त्यांनी प्रमुखबाईंना फोन केला.

“चार वाजता सगळ्यांना श्रवणकक्षात बसवा. बाईंच्या आईंनाही आणा. आणि पोलिसांना कळवा.”

सहा

आई पहिल्या रांगेत बसली. दिग्दर्शक तिच्यापासून तीन खुर्च्या दूर. मौनी दाराशी.

“साहेब,” अक्का म्हणाल्या, “एकतीस वर्षांत तुमच्याइतका उतावळा दिग्दर्शक मी पाहिला नाही. नटाचं वाक्य तुम्ही कधी पुरं होऊ देत नाही. शेवटचं अक्षर तोंडात असताना तुमची सूचना येते. तुमच्या दहा दिवसांच्या पट्ट्या आज चाळून ऐकल्या. नऊ दिवस तुम्ही तेच केलंत. दहाव्या दिवशी, म्हणजे नाना गेले त्या दुपारी, तुम्ही एकदाही बाईंना तोडलं नाहीत. बाईंचं वाक्य संपतं, पाऊण सेकंद जातो, मग तुम्ही बोलता. चव्वेचाळीस सूचना, चव्वेचाळीस वेळा तेवढाच उशीर. सभ्यता इतकी मोजून येत नाही. फोनवरून आलेला आवाज येतो.”

“काहीतरीच.”

“मावशीने पाहिलेली वायर एका कानात होती. ध्वनिमुद्रण करणारा दोन्ही कानांनी ऐकतो. एका कानात वायर घालणारा माणूस फोनवर असतो. तुम्ही नानांच्या उशाशी बसून बाईंच्या कानात बोलत होतात.”

डॉक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत.

“रजा तुम्ही नाकारलीत,” अक्का पुढे म्हणाल्या, “कारण अर्जात लिहिलं होतं, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, घरी फक्त मावशी आहे. नानांचा श्वास कसा चालतो हे तालमीत बाईंनीच सगळ्यांना करून दाखवलं होतं. त्या दिवशीचा संवाद कोणता होता, आठवतं? ‘वॉर्डाची हवा चालू करा.’ अकरा वेळा म्हणून घेतलात तुम्ही तो. अकराव्यानंतर म्हणालात, थांबा, पाच मिनिटं फायली बघतो. चार वाजून तीन मिनिटांनी. पट्टीवर पुढे साडेसहा मिनिटं काही नाही. मग तुम्ही म्हणता, छान, पुढचं दृश्य.”

“फोन मी जोडला,” मौनी दाराशी म्हणाला. सगळे वळले. “दाढ दुखतेय, दाताच्या डॉक्टरकडे बसलोय, असं म्हणाले. कुणाला सांगू नकोस म्हणाले. मग फाइल आली. शेवटची चाळीस सेकंदं ऐकली आणि कळलं की ती आपल्याकडची आहे. विचारलं नाही.”

“का नाही विचारलंस?” डॉक्टरबाईंनी विचारले.

“आवाज फार चांगला होता,” तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केले.

“गुणी मुलगा आहे,” अक्का म्हणाल्या. “त्याच्यावर ढकललंत तेव्हा तुम्हीही असंच म्हणाला होतात.”

दिग्दर्शकाने बाह्या सारख्या केल्या. त्याचा आवाज अजूनही सफाईदार होता.

“ठीक आहे. मी गेलो होतो. पण शब्द जपून वापरा. डॉक्टरांनी त्यांचे दिवस मोजले होते, हे बाईच सांगत फिरायच्या. दोन मिनिटं मशीन बंद ठेवावं, एवढाच हेतू. ती घरघर सगळं नासवत होती. मी परत चालू केलं की नाही? साथीत माणूस कसा मरतो हे लोकांना खरं ऐकू यावं, म्हणून केलं. मला काय मिळणार होतं त्यातून?”

“विसरलात असं म्हणू?” अक्कांचा आवाज आता कापत होता, पण वाक्य तुटत नव्हते. “म्हणता येत नाही. न विसरण्यासाठीच तुम्ही बूट काढून ठेवला होता. कळलं नाही असं म्हणू? नटाच्या दातांतली थुंकी तुम्हाला काचेपलीकडून ऐकू येते. तिसऱ्या मिनिटाला तो श्वास अडखळला, तेव्हा बटण तुमच्या हातापासून वीतभर होतं. बरं, वेळ निघून गेल्यावर भान आलं असं म्हणू? तेही नाही. तो श्वास थांबला. त्यानंतर तुम्ही बटणाकडे गेला नाहीत, मावशीला हाक मारली नाहीत, त्यांचा हातही धरला नाहीत. तुम्ही खोलीची शांतता घेतलीत. हेतू काय होता ते तुम्ही आम्हाला सांगू नका. ते तुम्हीच मुद्रित करून ठेवलंय.”



“ते मला ऐकवा,” आई म्हणाली.

“आई, नको,” डॉक्टरबाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. “मी ऐकलंय. तू नको.”

“तू त्यांची मुलगी आहेस. दोन वर्षं त्यांची छाती रोज मी चोळली. लावा.”

अक्कांनी फाइल लावली. आई मान थोडी कलती ठेवून ऐकत राहिली. एकदा तिचा उजवा हात आपोआप पुढे आला, उशी सरळ करावी तसा, आणि हवेतच थांबला. फाइल संपेपर्यंत ती हलली नाही.

“त्यांची वेळ झाली असती तर असा श्वास लागला नसता,” ती म्हणाली. “हा मशीन सुटल्यावरचा श्वास आहे. नळी निसटली की असाच लागायचा. मी नळी लावली की दहा मिनिटांत खाली यायचा. चाळीसेक वेळा झालं असेल दोन वर्षांत. दर वेळी खाली आला.” ती दिग्दर्शकाकडे वळली. “ते डोळे उघडून बघत होते का तुमच्याकडे?”

दिग्दर्शक पुन्हा बाह्या सारख्या करू लागला.

“विचारतेय ना मी.”

“बघत होते,” तो म्हणाला.

बाहेरच्या वऱ्हांड्यात बुटांचे आवाज आले. पोलीस आले होते. प्रमुखबाईंनी समोरचा कागद ओढला, पेन उघडले. अखेरच्या भागाचे प्रसारण रद्द, हे त्यांनी आधीच लिहिले होते. खाली एक रकाना कोरा होता.

“अक्का, घटनेचं स्वरूप काय लिहू?” त्यांनी विचारले. “अपघात? निष्काळजीपणा?”

अक्का आईकडे बघत होत्या.

“खून लिहा,” आई म्हणाली.